गुण आणि हातगुण

गुणपत्रिकेतले गुण, मुलीच्या अंगचे गुण, औषधाचा आलेला गुण आणि एखाद्या वैद्याच्या हाताचा गुण, या चारही ठिकाणी मराठी माणूस एकच शब्द वापरतो आणि सहसा त्याचा गोंधळ उडत नाही. औषधाला गुण आला की नाही, हे बाटलीवरची चिठ्ठी वाचून कुणी ठरवत नाही. ताप उतरला का, हे पाहतो. हातगुण तर मोजायची सोयच नाही, तरी गावात कुणाच्या हाताला गुण आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याच दाराशी चपलांची गर्दी दिसते. गोंधळ उडतो तो ‘गुणवत्ता’ या शब्दापाशी. परीक्षेतल्या गुणांची बेरीज करून लावलेल्या क्रमाला आपण गुणवत्ता यादी असे नाव दिले आणि उरलेले तिन्ही अर्थही त्या यादीत आपोआप आले असे धरून चालू लागलो. माझे म्हणणे एवढेच आहे की, यादीतला क्रम ही जागा थोड्या आणि माणसे फार असताना केलेली प्रशासकीय सोय आहे. ती सोय हवी, परंतु तिलाच माणसाच्या लायकीचा दाखला मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिने शाळा-महाविद्यालयांचेही नुकसान केले आहे आणि कामाच्या ठिकाणांचेही.

माझी उमेदीची बरीच वर्षे पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात गेली. तिथे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) म्हणून अनौपचारिकपणे काम करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कागदोपत्री ते ऑपरेटर. आयटीआय टर्नर, मराठी माध्यम, गावाकडची शाळा. मशीनने नखरे सुरू केले, बोअर, म्हणजे सुट्या भागात कातलेले भोक, दोन-तीन मायक्रॉनने (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनी) सरकू लागला, की सुपरवायझर फोन उचलायच्या आधी मामांना हाक मारत असे. मामा येऊन आधी काहीच करत नसत. मशीनशेजारी उभे राहून आवाज ऐकत, ट्रेमधली चिप, म्हणजे धातूचे कातण, उचलून तिचा रंग आणि वळण बघत, मग इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार बोटाने चाचपून म्हणत, ‘ऑफसेटला हात लावू नका, जबडा सैल झालाय.’ बहुतेक वेळा तो सैल झालेला असे. पुढे व्यवस्थापनाने सेटर हे पद रीतसर निर्माण केले आणि निवडीत कुणी वशिल्याचा आरोप करू नये म्हणून लेखी परीक्षा ठेवली. शंभर गुण, पर्यायी प्रश्न, प्रश्नपत्रिका इंग्रजीत. मामांना एकतीस गुण पडले. पहिला आलेला डिप्लोमाधारक मुलगा चौऱ्याऐंशी गुण घेऊन सेटर झाला आणि पहिल्याच आठवड्यात लाइन थांबली तेव्हा त्याने मामांनाच बोलावले. तो मुलगा हुशार नव्हता असे मी मुळीच म्हणणार नाही. दोन वर्षांनी तो प्लॅनिंगमध्ये गेला आणि तिथे त्याने उत्तम काम केले. त्या यादीत खोटे काही नव्हते. तिने फक्त न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. मशीन कोण लावू शकतो, हे आम्हाला हवे होते आणि मशीनविषयीचा इंग्रजी मजकूर कोण वेगाने वाचू शकतो, हे आम्ही मोजले. ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांत मीही होतो, हे सांगून टाकलेले बरे.

कारखान्यातली चूक आठवड्याभरात उघडी पडते, कारण जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, खोटे बोलत नाही. शिक्षणात ती उघडी पडायला वर्षे लागतात, कधी पडतच नाही. वैद्यकीय प्रवेशाची २०२४ ची ‘नीट’ परीक्षा त्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. पेपरफुटीवर पुष्कळ लिहिले गेले. मला बोलायचे आहे ते भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाविषयी. अणूसंबंधी दोन विधाने दिली होती आणि त्यांतील दुसऱ्या विधानात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे म्हटले होते. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत तसे छापलेले होते, नव्या आवृत्तीत ते नव्हते. मोठ्या भावंडाचे किंवा रद्दीच्या दुकानातले जुने पुस्तक वापरणाऱ्याने एक पर्याय निवडला, नवे पुस्तक वाचणाऱ्याने दुसरा. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. निकाल लागला त्या दिवशी ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते. वेळ वाया गेल्याबद्दल काहींना दिलेल्या वाढीव गुणांची भानगड मिटल्यावर ते ६१ झाले आणि या एका प्रश्नानंतर १७ उरले. चव्वेचाळीस मुले एका रात्रीत देशात पहिली राहिली नाहीत. त्यांच्या डोक्यातले ज्ञान त्या रात्रीत रेसभरही कमी झाले नव्हते.

न्यायालयाने दिलेला निर्णय शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होता. प्रश्न वेगळा आहे. या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक, म्हणजे एका प्रश्नाच्या चुकण्यात पाच गुणांचा फरक. तेवीस लाख परीक्षार्थी असताना गर्दीच्या पट्ट्यात त्या पाच गुणांच्या आत हजारो क्रमांक बसतात. एका बाजूला सरकारी महाविद्यालयातली काही हजारांची फी, दुसऱ्या बाजूला खासगी महाविद्यालयातली अनेक लाखांची किंवा घरी बसून आणखी एक वर्ष ‘रिपीट’. एवढ्या बारीक फटीवर आयुष्याची विभागणी करावी लागते, हे मी समजू शकतो, कारण जागा लाखाच्या आसपास आणि उमेदवार त्याच्या वीसपट. परंतु फटीच्या अलीकडचा गुणवंत आणि पलीकडचा गुणहीन, असे म्हणायला लागताच आपण मोजपट्टीच्या थरथरण्याला माणसाच्या उंचीतला फरक म्हणू लागतो. आमच्या कारखान्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवत की, ज्या मापनयंत्राची अचूकता दहा मायक्रॉनची आहे, त्याने दोन मायक्रॉनचा फरक वाचू नये. वाचता येतो, आकडा दिसतो, पण त्याला अर्थ नसतो.

मोजपट्टी थरथरते ही एक गोष्ट झाली. ती बदलली की यादीच उलटीपालटी होते, ही त्याहून मोठी. याचे उदाहरण महाराष्ट्राच्या लोकसेवा आयोगाने गेल्या पंधरा वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर घडवले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी वर्णनात्मक होती. २०१२ पासून ती प्रामुख्याने बहुपर्यायी झाली. २०१३ पासून पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ आला, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिती बुद्धिमापन. त्याचे गुण निकालात धरले जात आणि त्यामुळे अभियांत्रिकीच्या पदवीधरांचे तारू सुसाट निघाले, तर इतिहास-मराठी घेऊन बीए झालेली मुले मागे पडली अशी तक्रार सुरू झाली. केंद्रीय आयोगाने अशाच तक्रारींनंतर २०१५ मध्ये तो पेपर केवळ पात्रतेपुरता केला. आपल्या आयोगाला तेच करायला २०२२ साल उजाडले. मग मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. सदाशिव पेठेच्या अभ्यासिकांमध्ये खुर्ची अडवून बसलेली मुले तीच. पद तेच, उपजिल्हाधिकाऱ्याचे किंवा तहसीलदाराचे. प्रत्येक बदलानंतर वेगळी मुले ‘गुणवत्तेने’ वर आली. यातली खरी गुणवत्ता कोणत्या पद्धतीतली होती? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तहसीलदाराच्या कामाला नेमके काय लागते, हा प्रश्न कोणत्याही बदलाच्या वेळी चर्चेच्या मध्यभागी नव्हता. दुष्काळी तालुक्यात टँकरच्या फेऱ्यांची नोंद तपासणे, दोन भावांच्या बांधाच्या भांडणात दोघांचेही ऐकून घेणे, वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यासमोर उभे राहणे, यांपैकी चार पर्यायांत काय मावते, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

‘परीक्षा सगळ्यांना सारखी, मग अन्याय कसला?’ हा युक्तिवाद नवा नाही आणि गंमत अशी की, आपल्याच पूर्वजांनी तो एकदा फेटाळून लावला आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. कागदावर ती सर्वांना खुली होती. पहिल्या आराखड्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. समुद्र ओलांडून जायचे, तिथे राहण्याचा खर्च करायचा आणि परक्या भाषेत परक्या अभिजात वाङ्मयाची परीक्षा द्यायची. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे १८७८ पासून कमाल वय एकोणीस वर्षांवर आणले गेले, म्हणजे इथल्या मुलाने मॅट्रिक होऊन जहाज पकडेपर्यंत दार बंद व्हायचे. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा झालेल्या मोजक्या ठरावांत ही परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी आणि वयोमर्यादा वाढवावी, ही मागणी होती. ती मान्य होऊन भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल लागले. एकच प्रश्नपत्रिका दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोघांपुढे ठेवली म्हणजे समान संधी दिली असे होत नाही, हे त्या पिढीतल्या सुशिक्षितांना पक्के ठाऊक होते, कारण लंडनच्या त्या वर्गात मागच्या बाकावर तेच होते. गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या मुलाने आज हेच म्हटले, तर त्याच सुशिक्षितांच्या नातवंडांना ते गुणवत्तेवरचे आक्रमण वाटते.

अर्थात, त्या नेत्यांच्याही आधी तीन वर्षे पुण्यातून एक वेगळा आवाज उठला होता. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे स्पष्ट मांडले. ते सर्वज्ञात आहे. त्याच निवेदनातली एक सूचना मात्र फारशी आठवली जात नाही. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते तिथल्या लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत, असे त्यांनी सुचवले होते. मला या वाक्याचे मोल फार वाटते. फुले इथे कुणाला सवलत द्या म्हणत नाहीत; शिक्षकाच्या कामाला कोणती लायकी लागते, हे ते कामाकडे पाहून ठरवत आहेत. आणि तसे पाहिल्यावर लायक माणसांची यादी वेगळीच तयार होते.

आजच्या परिस्थितीत हे पाहायचे तर भाषेपासून सुरुवात करावी. नीट परीक्षा मराठीतूनही देता येते, तरी वीस लाखांवर परीक्षार्थींत ती मराठीतून देणारे काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत. ज्यांना इंग्रजी सोपी जाते तेवढेच इथवर पोहोचतात, की मराठी माध्यमातली मुले अकरावीच्या उंबरठ्यावर रडत-खडत इंग्रजी पाठ करतात, हे कुठल्याही तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात एक तास बसले तरी कळते. शिकवणीचा खर्च हा दुसरा भाग. लातूर पॅटर्नने एका मागास भागातल्या मुलांना खेचून वर आणले, याचा मला अभिमान आहे. पण त्याच पॅटर्नने हेही सिद्ध केले की, दोन वर्षे पद्धतशीर सराव करून घेतला तर यादीतली जागा बदलते. बदलणारी गोष्ट ही जन्मजात लायकी कशी असेल? आणि तो सराव विकत घ्यावा लागत असेल, तर यादीत सरावाइतकीच बापाची ऐपतही मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी वैद्यकीय प्रवेशांतील ओबीसी आरक्षण वैध ठरवताना हाच मुद्दा मांडला: खुल्या परीक्षेतली कामगिरी काही वर्गांना लाभलेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे दाखवत नाही आणि गुणवत्तेकडे समाजाच्या संदर्भात पाहिले पाहिजे.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात एक शंका आली असेल आणि ती मी हलक्याने घेत नाही. परीक्षेचे गुण नकोत, तर मग काय हवे? साहेबाची मर्जी? आमदारांची चिठ्ठी? महाराष्ट्रातल्या सामान्य घरांचा परीक्षेवर जो विश्वास आहे, तो भाबडेपणातून आलेला नाही. ‘आपल्याला कुणाचा वशिला नाही, अभ्यास कर’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे परीक्षा ही एकमेव जागा असते, जिथे नाव, आडनाव आणि वडिलांचा हुद्दा झाकलेला असतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली, तेव्हा सर्वांत जास्त संताप झाला तो प्रामाणिकपणे नापास झालेल्यांना. जिथे मुलाखतीला गुण वाढतात तिथे लोकांच्या भुवया वर जातात, तेही उगाच नाही. निनावी उत्तरपत्रिका हे गरिबाचे कवच आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. परीक्षा मोडीत काढा, असे म्हणणारा माणूस बहुधा असा असतो, ज्याला परीक्षेशिवायही दार उघडे असते.

पण कवच आणि किरीट यांत फरक आहे. परीक्षेने भ्रष्टाचार रोखावा, एवढी कामगिरी मोठी आहे; त्यावरून माणसांची प्रतवारी सांगण्याचा हक्क तिला मिळत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: कमी गुणांवर प्रवेश घेतलेल्या डॉक्टरकडे तुम्ही शस्त्रक्रिया करून घ्याल का? याचे सरळ उत्तर असे की, सवलत दारात मिळते, आत गेल्यावर एमबीबीएसची परीक्षा आणि उत्तीर्ण होण्याची रेषा सर्वांना एकच असते. आपल्यापैकी कुणीही ऑपरेशन टेबलवर पडताना सर्जनचे प्रवेशपरीक्षेतले गुण विचारलेले नाहीत. आपण विचारतो, ‘यांचा हातगुण कसा आहे?’ शिवाय हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज एका ठिकाणी कमालीचा मऊ होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठीची पात्रतेची रेषा सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र झाला. जागा रिकाम्या राहत होत्या हे कारण होते आणि त्या कारणात तथ्यही असेल. परंतु ज्यांच्याजवळ खासगी महाविद्यालयाची फी भरण्याची ताकद आहे, त्यांच्यासाठी रेषा इतकी खाली आल्यावर रुग्णांच्या जिवाची काळजी करणारे मोर्चे मला कुठे दिसले नाहीत. नोकरीतल्या कार्यक्षमतेचे म्हणाल, तर तिची काळजी राज्यघटनेने अनुच्छेद ३३५ मध्ये आधीच केलेली आहे आणि अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास केला, तेव्हा राखीव जागांमुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या श्रेणींत काही ठिकाणी परिणाम उलट चांगलाच दिसला.

खासगी क्षेत्रात तरी गुणवत्तेला वाव आहे, असे म्हटले जाते. तिथला दरवाजा कसा उघडतो, हेही एकदा पाहू. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश आढळली. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त कागदाच्या डोक्यावरचे नाव वेगळे. उमेदवार अजून खोलीत शिरलेलाही नाही आणि त्याची ‘गुणवत्ता’ घटलेली आहे. खोलीत शिरल्यावर ‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात’ हा प्रश्न येतो; तो आपुलकीने विचारला जातो, यात शंका नाही, पण त्याच्या उत्तराला वजन असते.

आडनावाचा भेद उघड तरी आहे. त्याहून निरागस दिसणारी एक चाळणी आमच्या पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चालू आहे आणि तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांची अट असते: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे सलग साठ टक्के. ‘थ्रूआउट सिक्स्टी’ असे मुले म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला पदवीला पंचाहत्तर टक्के होते, प्रकल्प चांगला होता, प्रोग्रॅमिंगमध्ये वर्गात त्याच्याकडेच सगळे शंका घेऊन जात. दहावीला अठ्ठावन्न. दहावीच्या वर्षी घरात आजारपण होते आणि हा सकाळी दूध घालून शाळेत जायचा. बावीसाव्या वर्षी संगणकापुढे बसायची त्याला बंदी झाली, ती पंधराव्या वर्षीच्या भूगोलाच्या पेपरामुळे. अठ्ठावन्नवरून पंचाहत्तरवर चढलेला मुलगा आणि नव्वदवरून बासष्टवर घसरलेला मुलगा यांत कंपनीने दुसऱ्याला आत घेतले. मनुष्यबळ विभागातल्या एका बाईंना मी याचे कारण विचारले, तेव्हा त्या प्रांजळपणे म्हणाल्या, ‘सर, आठशे मुलं असतात, कुठेतरी कापावं लागतं.’ हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटले. कापावे लागते. मग ‘कापले’ असे म्हणा. ‘गुणवत्तेवर निवडले’ असे सांगू नका.

शब्दांवर माझा एवढा जोर का, असे कुणी म्हणेल. जोर यासाठी की, यादीला लायकी म्हटले की वर असलेल्याला कुणाचेच देणे लागत नाही असे वाटू लागते आणि खाली असलेल्याला आपल्यातच खोट आहे असे वाटू लागते. म्हाडाच्या सोडतीत घर लागलेला माणूस पेढे वाटतो, देवाला नारळ फोडतो, पण शेजाऱ्याला घर लागले नाही म्हणून त्याला नालायक समजत नाही. प्रवेशपरीक्षेच्या कापणीच्या रेषेवर सोडतीइतकेच दैव असते. फक्त ते दशांश चिन्हाआड लपलेले असते. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या जागा कित्येक दशके गुणांनुसार वजन दिलेल्या सोडतीने भरल्या जात आणि मध्यंतरी ती पद्धत बंद झाल्यावर २०२३ पासून तिला पुन्हा वाट करून देण्यात आली. आपल्याकडे असे सुचवले तर लोक अंगावर येतील, याची मला कल्पना आहे आणि उद्यापासून सोडत काढा असा माझा आग्रहही नाही. एक किमान रेषा ओलांडणारे सर्व जण त्या शिक्षणाला लायक आहेत आणि त्यापुढचा क्रम ही गर्दीची व्यवस्था आहे, एवढे जरी मनोमन पटले, तरी आरक्षणाच्या वादातले अर्धे विष उतरेल. राखीव जागेवर आलेला विद्यार्थीही त्याच्या प्रवर्गासाठी ठरवलेली किमान रेषा ओलांडूनच आलेला असतो. वाद असतो तो फक्त रांगेचा.

नोकरीत तर याहून सोपे आहे, कारण तिथे काम समोर असते. ज्या कामासाठी माणूस घ्यायचा, त्या कामाचा तुकडा त्याला करायला द्यावा, करणाऱ्याचे नाव झाकून दोघा-तिघांनी तो तपासावा आणि परीक्षेची भाषा ही कामाची भाषा असावी. यासाठी वेळ लागतो, पैसा लागतो आणि निवडणाऱ्याला स्वतःला ते काम यावे लागते. शेवटची अट सर्वांत जड आहे. पर्यायी प्रश्नांची उत्तरपत्रिका यंत्र तपासते. चिपचा रंग बघून उमेदवार बरोबर बोलतो आहे की नाही, हे ओळखायला समोर मामांसारखाच कुणीतरी बसावा लागतो आणि त्याला तिथे बसवायचे, तर आधी त्याला मान द्यावा लागतो.

आमच्याकडे ते घडायला चार वर्षे आणि बरेच रिजेक्शन लागले. सेटरच्या परीक्षेत निम्मे गुण प्रत्यक्ष मशीनवरच्या कामाला देण्यात आले, लेखी पेपर मराठीतही आला आणि जॉबला उमेदवाराच्या नावाऐवजी आकडा चिकटवला जाऊ लागला. पहिल्या वर्षी मामा तिसरे आले. पहिली आली ती जुन्नरकडची तेवीस वर्षांची, आयटीआय झालेली मुलगी, जी दोन वर्षे त्यांच्याच मशीनवर हेल्पर होती. यादी लावली त्या दिवशी मी जरा घाबरतच त्यांच्याकडे गेलो. इतकी खटपट करून तयार केलेल्या परीक्षेतही हा माणूस पहिला आला नाही, याचे मलाच वाईट वाटत होते. मामांनी यादी वाचलेली नव्हती. त्यांनी स्टोअरमधून तिचा जॉब मागवून घेतला होता आणि उजेडाकडे तोंड करून ते त्यावर बोअर गेज फिरवत होते. बराच वेळ फिरवून झाल्यावर तो माझ्या हातात देत म्हणाले, ‘बोअर एक नंबर आहे. पण आतल्या कडेला उरलेली धातूची बर काढायची राहिलीये, तिला बोलवा जरा.’